चेहऱ्याविना माणूस : मॅग्डालीन ओडुंडो यांची मातीची भांडी आणि आपल्या घरातला एक प्रश्न

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांना शाडूची माती दिली आणि सांगितलं, घरात रोज दिसणारी एखादी गोष्ट बनवा. कुणी चूल केली, कुणी लोटा, कुणी रिक्षा. एका मुलीने तिची दादी केली. पाय पसरून बसलेली, मांडीवर सूप, तांदूळ निवडणारी. ओढणीची चुण, नाक, डोळे, सगळं होतं. इतकं चांगलं काम त्या वर्गात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. रागाने नाही, अगदी अदबीने बोलले. म्हणाले, "सर, पोरीचा हात चांगला आहे, ते आम्हालाही दिसतं. पण हे बुत झालं. घरात कसं ठेवायचं? आमच्या अम्मी म्हणतात, मोडून टाका." त्या आठवड्यातच मुलीने एलिमेंटरी रेखाकला परीक्षेच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं. कारण त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो आणि स्मरणचित्रात माणसं काढावीच लागतात. पुढे इंटरमिजिएट पास झालं तर दहावीला वाढीव गुण मिळतात, तेही गेले. हे ऐकून स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं, "तुमच्यात अजून हे चालतं का?"

आम्हाला दोन्ही गोष्टी लागल्या. वडिलांचा प्रश्न ईमानदारीचा होता, त्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. आणि मुलीचा हातही खरा होता, तो मोडून टाकण्यासारखा नव्हता. मग आम्ही शोधू लागलो की मातीतून माणूस घडवण्याचा एकच मार्ग आहे का? नाक-डोळे काढले तरच माणूस होतो का? या शोधात आम्हाला एक नाव भेटलं, ते आज वाचकांसमोर ठेवत आहोत : मॅग्डालीन ओडुंडो.

कोण आहेत या बाई?

मॅग्डालीन ओडुंडो यांचा जन्म 1950 चा, केनियाची राजधानी नैरोबी येथला. त्यांचं लहानपणीचं शिक्षण काही भारतात आणि काही केनियात झालं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. सुरुवातीला त्यांना मातीशी काही देणंघेणं नव्हतं. केनियात त्या व्यावसायिक चित्रकला शिकल्या, म्हणजे जाहिराती, अक्षरं, पोस्टर. त्यासाठीच 1971 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे केंब्रिजमध्ये शिकताना हात मातीला लागला आणि मग सुटलाच नाही.

1974-75 मध्ये त्या नायजेरियात अबुजा येथील कुंभारकामाच्या प्रशिक्षण केंद्रात गेल्या. हे अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. त्या जुन्या गावाला आता सुलेजा म्हणतात. हे केंद्र मायकेल कार्डू या इंग्रज कुंभाराने उभं केलं होतं. पण ओडुंडो यांना खरी विद्या मिळाली ती तिथल्या बायकांकडून. त्यात लाडी क्वाली हे नाव सगळ्यात मोठं. त्यांच्या भागात घागरी घडवणं हे पिढ्यानपिढ्या बायकांचं काम. चाक नाही. मातीचा गोळा मध्ये ठेवायचा, त्याच्या भिंती हाताने वर ओढायच्या, वरून मातीच्या वळ्या चढवायच्या आणि भांडं फिरवण्याऐवजी आपणच त्याच्याभोवती फिरायचं. आज नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला लाडी क्वाली यांचं चित्र आहे. मातीची घागर घडवणारी बाई देशाच्या नोटेवर! आपल्या कुंभारवाड्यातल्या बायका दिवसभर माती तुडवतात, त्यांच्या नशिबी हा मान कधी आला?

पुढे ओडुंडो अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील सान इल्डेफोन्सो या आदिवासी वस्तीतही जाऊन आल्या. तिथली काळी, आरशासारखी चकाकणारी भांडी मारिया मार्टिनेझ या कारागीर बाईंमुळे जगभर गाजली होती. मग त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून 1982 मध्ये एम.ए. केलं. अनेक वर्षं इंग्लंडमध्येच शिकवलं, 2001 मध्ये प्राध्यापक झाल्या, 2018 मध्ये तिथल्या एका कला विद्यापीठाच्या कुलपती झाल्या आणि 2020 मध्ये ब्रिटन सरकारने त्यांना 'डेम' हा किताब दिला. पण शिक्षक म्हणून आम्हाला या किताबापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रॉयल कॉलेजला जाण्याआधी ही बाई गावच्या घागर घडवणाऱ्या बायकांपुढे शागीर्द म्हणून बसली.

घडा आणि देह यांची एकच भाषा

आता मूळ मुद्दा. ओडुंडो भांडी घडवतात. पण ती भांडी पाहिली की कुणीही म्हणेल, इथे कुणीतरी उभं आहे.

हे कसं होतं ते समजण्यासाठी आधी आपल्याच भाषेकडे बघू. मडक्याच्या भागांना आपण काय म्हणतो? तोंड, गळा, खांदा, पोट, बूड. उर्दूतही तेच : घड्याचं मुंह, सुराहीची गर्दन, मटक्याचं पेट. उर्दूत एखादीच्या लांब, नाजूक मानेची तारीफ करायची असेल तर 'सुराहीदार गर्दन' म्हणतात. म्हणजे आपल्या बोलीने हजारो वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं की भांडं हे देहासारखं आहे आणि देह हा भांड्यासारखा. दोन्ही आतून पोकळ, दोन्ही काहीतरी सांभाळतात आणि दोन्ही फुटतात.

ओडुंडो यांचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. मानवी देह हे स्वतःच एक पात्र आहे, असा त्यांचा विचार. म्हणून त्या भांड्यावर माणूस चिकटवत नाहीत, काढत नाहीत, कोरत नाहीत. भांड्यालाच माणसाची ठेवण देतात. हे त्या कोणत्या खुणांनी साधतात, ते बघा.

पहिली खूण म्हणजे पोट. त्यांच्या कितीतरी भांड्यांची पोटं अशी गोल, भरलेली असतात की गरोदर बाईची आठवण यावी. दुसरी खूण मान. ती बारीक, लांब, आणि बहुतेक वेळा सरळ नाही, थोडी कललेली. आपण कुणाचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो तेव्हा मान कशी कलते, तशी. तिसरी खूण भांड्याचं तोंड. ते रुंद पसरट, जणू डोक्यावर बांधलेला रुमाल किंवा केसांचा अंबाडा. आफ्रिकेतल्या बायकांच्या केशरचना, इंग्लंडमधल्या जुन्या राणीच्या काळातल्या कपड्यांच्या झालरदार कॉलरी, अशा पुष्कळ गोष्टी त्यांनी संग्रहालयांत बारकाईने पाहिल्या आणि त्यांचा आकार भांड्याच्या काठात उतरवला. चौथी खूण छोटे छोटे उंचवटे. एखाद्या भांड्याच्या खांद्यावर मातीची चिमूट काढल्यासारखा ठिपका, एखाद्याच्या पाठीवर मणक्यासारखी ओळ, एखाद्याच्या पोटावर बेंबीसारखी गाठ. बस, तेवढंच.

आणि पाचवी खूण, जी आम्हाला सर्वांत मोठी वाटते, म्हणजे तोल. ही भांडी अगदी लहानशा बुडावर उभी असतात. वर भरलेलं पोट, खाली इवलासा आधार. बघताना वाटतं, आता कलंडेल. पण कलंडत नाही. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला बघताना जो श्वास आपण धरून ठेवतो, तोच इथे धरला जातो.

यातलं काहीच चाकावर होत नाही, हेही ध्यानात घ्या. चाकावर फिरलेलं भांडं चारी बाजूंनी सारखं निघतं. माणसाचा देह तसा नसतो. आपण उभे राहतो तेव्हा एका पायावर भार जास्त, एक खांदा थोडा खाली. हाताने वळ्या चढवत गेलं की भांड्याला असा झुकाव देता येतो. ओडुंडो यांची बरीच भांडी म्हणूनच जाणूनबुजून असमान आहेत.

त्यांच्या कामांची नावं बघाल तर आणखी गंमत वाटेल. 'आई', 'नर्तकी', 'पाणी भरणारी' असं काही नाही. बहुतेक कामं 'अनामिक' किंवा मग 'असमान काळे पात्र' अशा सरळ वर्णनाची. म्हणजे चेहऱ्यात माणूस नाही आणि नावातही नाही. माणूस फक्त ठेवणीत आहे.

आगीचं काम

आता थोडं तंत्राचं बोलू, कारण आमच्या वर्गातल्या मुलांनी सगळ्यात जास्त प्रश्न यावरच विचारले.

ओडुंडो लाल माती वापरतात. भांडं घडवून झालं की ते भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यासारख्या साध्या अवजाराने खरवडून त्याची भिंत पातळ आणि सारखी करतात. मग माती अर्धवट वाळली, म्हणजे चामड्याइतकी घट्ट झाली, की गुळगुळीत दगडाने घोटायला सुरुवात. त्यावर त्याच मातीचा अगदी पातळ, गाळलेला लेप आणि पुन्हा घोटणं. या घोटण्याने मातीचे बारीक कण एका दिशेला आडवे बसतात आणि पृष्ठभाग चकाकू लागतो. ती चकाकी काचेच्या थराची नाही. चिनी मातीच्या कपावर असतो तसला लुकण त्या लावत नाहीत. ती चकाकी निव्वळ मेहनतीची आहे. म्हणूनच ती भांडी कातडीसारखी दिसतात, हात फिरवावा असं वाटतं.

मग भट्टी. पहिल्या भाजणीत भट्टीत हवा खेळती ठेवली की मातीतलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि भांडं लाल-केशरी होतं, आपल्या माठासारखं. तेच भांडं दुसऱ्यांदा भाजताना त्याला लाकडाच्या भुशासारख्या जळणासोबत कोंडलं आणि हवा तोडली की गणित उलटतं. जळणाला ऑक्सिजन पुरत नाही, ते मातीतल्या लोहाकडूनच तो ओढून घेतं, धुराचा कार्बन मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि लाल भांडं काळंभोर होतं. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातल्या निझामाबादची काळी भांडीही याच तत्त्वावर, कोंडलेल्या धुरात काळी होतात. कधी धूर सगळीकडे सारखा पोहोचत नाही. मग एकाच भांड्यावर काळा, करडा आणि केशरी असे ढग उमटतात. ओडुंडो हे ढग दोष मानत नाहीत, उलट त्यांना जागा ठेवतात. पण काम मनासारखं उतरलं नाही तर पुन्हा भट्टीत घालायची त्यांची तयारी असते.

एकच माती, तीच लाल आणि तीच काळी. फरक फक्त किती हवा मिळाली याचा. माणसांच्या रंगावरून भांडणाऱ्यांनी ही भट्टी एकदा बघावी असं आम्हाला फार वाटतं.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध

आधी एक गोष्ट साफ करू. ओडुंडो यांचं काम 'इस्लामी कला' नाही आणि आम्ही तसा दावा करत नाही. त्यांनी चेहरा टाळला तो आपल्या मसल्यामुळे नाही. त्यांची वाट आफ्रिकेच्या घागरींतून, संग्रहालयांतून आणि स्वतःच्या विचारातून आलेली आहे. शिवाय आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. जायज-नाजायजचा फैसला उलेमांचा. पण त्या मुलीच्या वडिलांनी जो प्रश्न केला, त्याच्या मुळाशी काय आहे एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.

अल्लाहच्या नावांपैकी एक नाव 'अल-मुसव्विर', म्हणजे रूप देणारा. गंमत अशी की उर्दूत आपण चित्रकारालाही मुसव्विरच म्हणतो. सजीवाचं रूप घडवणं म्हणजे निर्मात्याची बरोबरी करू पाहणं, ही भीती हदीसमधील सक्त ताकिदीमागे आहे. दुसरी भीती पूजेची. म्हणून बहुसंख्य उलेमांनी सजीवाच्या पूर्ण मूर्तीला मनाई सांगितली. पण त्याच परंपरेत इतर गोष्टीही नोंदलेल्या आहेत. चित्र काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायचा सल्ला दिला, असं हदीसमध्ये येतं. म्हणजे हुनर टाकून दे असं सांगितलं नाही, वाट दाखवली. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हेही हदीसमध्ये आहे. आणि तसवीर म्हणजे मुळात डोकं-चेहरा, तो नसेल तर मनाई लागू होत नाही, असं म्हणणारे फकीहही झाले आहेत.

इतिहासही एका रंगाचा नाही. बाराव्या-तेराव्या शतकात इराणच्या काशान शहरातल्या मुस्लिम कारागिरांनी चकाकत्या लुकणाच्या थाळ्या आणि वाडगे केले, त्यांवर घोडेस्वार, बादशहा, गप्पा मारत बसलेली माणसं रंगवलेली आहेत. मस्जिदीत मात्र वेलबुट्टी आणि अक्षरं. म्हणजे त्या लोकांनी जागेप्रमाणे हद्द ओळखली होती. कुणाला त्या थाळ्या पटतील, कुणाला नाही. पण 'मुसलमान आणि कला यांचं वाकडं आहे' हे स्टाफरूममधलं वाक्य मात्र इतिहासाला पटत नाही.

आणि मातीची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीचा उल्लेख येतो, तो भाजलेल्या भांड्यासारख्या खणखणणाऱ्या मातीचा. लहानपणी मकतबमध्ये ही सूरह पाठ करताना आम्हाला 'फख्खार' या शब्दाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. फख्खार म्हणजे कुंभाराची भाजलेली माती. ओडुंडो यांच्या भांड्यांची छायाचित्रं पाहताना तो शब्द आम्हाला पहिल्यांदा नीट कळला. त्या भांडं घडवतात आणि आपल्याला माणूस आठवतो. पण त्या माणूस घडवल्याचा दावा करत नाहीत. भांडं शेवटपर्यंत भांडंच राहतं, त्यात पाणी भरता येतं. माणूस आपल्या डोळ्यात तयार होतो.

2019 मध्ये इंग्लंडच्या वेकफिल्ड शहरात हेपवर्थ नावाच्या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे त्यांची 50 हून अधिक भांडी जगभरातल्या जुन्या-नव्या वस्तूंच्या शेजारी मांडली होती. त्यात रोदँ, हेन्री मूर यांच्यासारख्या नामवंत शिल्पकारांचंही काम होतं. म्हणजे हातपाय, चेहरे असलेल्या शिल्पांच्या पंगतीत ही बिनचेहऱ्याची भांडी बसली आणि कुठेही कमी पडली नाहीत. चेहरा न काढणं ही कमतरता नाही, तीही एक पूर्ण वाट आहे, हे मुलांना सांगायला याहून चांगला पुरावा आम्हाला मिळाला नाही.

वर्गात काय झालं

आम्ही ही छायाचित्रं वर्गात दाखवली आणि पुन्हा माती दिली. या वेळी सांगितलं, घरातल्या एका माणसाचं भांडं करा. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे की तो माणूस कसा उभा राहतो, कसा बसतो.

सुरुवातीला मुलं हसली. मग गप्प झाली. एका मुलाने एका बाजूला फुगलेला घडा केला. विचारलं तर म्हणाला, "अम्मी छोट्याला कमरेवर घेते ना, तसं." एकाने पुढे झुकलेला, उंच आणि बारीक घडा केला, तो त्याचा हमाली करणारा चाचा. आणि आमच्या त्या मुलीने बुटका, पसरट, जमिनीला घट्ट बसलेला रांजण केला. मान खाली झुकलेली, काठ ओढणीसारखा पुढे आलेला. सांगावं लागलं नाही. तांदूळ निवडणारी दादी.

शाळेत भट्टी नाही. जवळच्या एका कुंभारदादांनी आपल्या आव्यात ही भांडी ठेवून घेतली, पैसेही घेतले नाहीत. तीन फुटली. माती नीट वाळली नसेल तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की ती भिंत फोडून बाहेर पडते. फुटलेल्यांत दादीचा रांजणही होता. मुलगी रडली नाही. म्हणाली, "सर, जाडी जास्त ठेवली मी. दुसरा करते." दुसरा टिकला. तो आता त्यांच्या घरी आहे आणि त्यात चमचे ठेवले जातात, असं कळलं.

परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही. स्मरणचित्राचा प्रश्न तसाच आहे, तो आम्हाला सोडवता आला नाही. दीनदार घरातल्या मुलांनी त्या पेपरला कसं सामोरं जावं, यावर आपल्या शाळांतल्या शिक्षकांनी, पालकांनी आणि उलेमांनी एकत्र बसून बोलायला हवं. प्रत्येक घराने एकेकट्याने फैसला करायचा आणि पोरीने मुकाट्याने यादीतून नाव काढायचं, हे बरोबर नाही.

तोवर पालकांना आमची एवढीच विनंती. मूल माती घेऊन बसलं की 'नको' म्हणण्याआधी त्याला विचारा, बेटा, तुला काय दाखवायचं आहे? बहुतेक वेळा त्याला बुत करायचं नसतं. त्याला त्याची दादी दाखवायची असते. ती दाखवायच्या वाटा एकाहून जास्त आहेत, आणि त्यातली एखादी तुमच्या उंबरठ्यातूनही आत येऊ शकते.